कॉम्प्युटरचा पंखा मध्येच का घोंगावतो?

या वेळी पीक नाही, खत नाही आणि कीडही नाही. या वेळी घरातल्या कॉम्प्युटरच्या पंख्याविषयी लिहावयाचे आहे. हसू नका. सातबारा, पीकविमा, शिष्यवृत्ती, ठिबकाचे अनुदान, सगळे अर्ज आता त्या डब्यातूनच जातात. ऐन शेवटच्या तारखेला तो बंद पडला म्हणजे काय होते, ते ज्याच्यावर बेतले त्यालाच विचारावे.

मागच्या ज्वारीच्या सुगीनंतरची गोष्ट. मोहोळहून सीनेकडे जाणाऱ्या रस्त्यालगत एका वस्तीवर उसाचे पाचट कुजविण्याचे प्रात्यक्षिक होते. ते आटोपून ओसरीवर चहाला बसलो, तर आतल्या खोलीतून घोंऽऽ असा आवाज आला. दहा-पंधरा सेकंद चालला आणि विरला. चहा संपेपर्यंत हा प्रकार सात-आठ वेळा झाला. शेवटी घरातल्या म्हातारबाई म्हणाल्या, "आवो सायेब, त्या डब्याच्या आंगात येतंय बगा. मदीच वराडतंय, मदीच गप हुतंय."

त्यांची नात बी. ए. झालेली. वस्तीवरचे आणि आजूबाजूचे लोक तिच्याकडे अर्ज भरावयास येतात. जुना वापरलेला कॉम्प्युटर हप्त्याने घेतलेला, त्यातले चार हप्ते अजून जायचे होते. तालुक्याच्या गावी एका दुरुस्तीवाल्याला तिने डबा दाखविला. त्याने झाकणही न काढता सांगितले, "मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या." घरात विचार झाला आणि दोन शेळ्या बाजारात न्यायचे ठरले. मी त्या दिवशी गेलो नसतो तर त्या गेल्याच असत्या.

आता माझी चूक आधी सांगतो. आम्ही बोलत असतानाच छताचा पंखा मंदावला. शेतातल्या मोटारी सुरू झाल्या की वस्त्यांवरचा दाब असा उतरतो, ते तुम्हां-आम्हांला रोजचेच. मी मोठ्या आत्मविश्वासाने सांगून टाकले, "हा लाईटचा खेळ आहे. स्टॅबिलायझर बसवा." त्यांनी शब्द मानला, बसविला. आठवड्याने मुलीचा फोन आला, "काका, छतावरचा पंखा मंद होतो तेव्हा ह्याचा आवाज वाढत नाही, आणि ह्याचा वाढतो तेव्हा लाईट नीट असते." तिने पाहिले होते, मी पाहिले नव्हते. स्टॅबिलायझर वाया गेला असे नाही, तो आता फ्रीजला लावला आहे. पण रोगाचे लक्षण न बघता फवारणी सांगू नये हे मी तीस वर्षे लोकांना सांगत आलो, आणि तेच स्वतः केले.

लाईटचा दोष का नव्हता?

छताचा पंखा थेट घरच्या विजेवर फिरतो. दाब उतरला की तो मंदावणारच. कॉम्प्युटरचा पंखा मात्र घरच्या विजेवर फिरत नाही. डब्याच्या मागे जिथे वायर खोचतो तिथे आत एक पत्र्याची पेटी असते. दुकानदार तिला एसएमपीएस म्हणतात. ती आलेल्या विजेची १२ व्होल्ट, ५ व्होल्ट अशी सरळ वीज करते, आणि बाहेर दाब थोडाफार वर-खाली झाला तरी आतले १२ व्होल्ट बहुतेक तितकेच राखते. दाब फारच पडला तर कॉम्प्युटर एकदम बंद पडतो किंवा स्वतःहून पुन्हा सुरू होतो. तेव्हा डबा झटकन बंद पडत असेल तर लाईटकडे बघावे. नुसता पंखा कमी-जास्त होत असेल तर कारण बहुधा डब्याच्या आतच असते.

पंख्याला हुकूम कोण देतो?

कॉम्प्युटरचे सगळे गणित एका लहानशा चिपमध्ये चालते. साध्या घरगुती यंत्रातली अशी चिप जोरात काम करू लागली की साधारण ६५ वॅटची उष्णता सोडते. पूर्वी आपल्या घरात ६० वॅटचे पिवळे बल्ब असत. त्यांना हात लावला तर चटका बसे. तेवढी उष्णता नखाएवढ्या तुकड्यात निघते असे समजा. ती काढून नेण्यासाठी चिपवर ॲल्युमिनियमच्या पात्यांचा ठोकळा बसवितात. त्याला हीटसिंक म्हणतात. त्या ठोकळ्यावर पंखा असतो. मोटारसायकलच्या इंजिनाला बाहेरून पाती असतात ना, तोच प्रकार. चिप आणि ठोकळा यांच्यामध्ये करड्या रंगाची पेस्ट लावलेली असते, कारण दोन धातू कितीही सपाट दिसले तरी मध्ये हवेच्या बारीक फटी राहतात, आणि हवा उष्णता नीट वाहून नेत नाही.

चिपच्या पोटातच तिचा ताप मोजण्याची सोय असते. मदरबोर्ड तो ताप वाचतो आणि त्याप्रमाणे पंख्याला वेग वाढव, कमी कर असे सांगतो. आजच्या बहुतेक पंख्यांना चार तारा असतात. दोन विजेच्या, तिसरीतून पंखा आपण किती फेरे घेतो ते उलट कळवितो, आणि चौथीतून हुकूम येतो. हुकूम देण्याची रीत मजेशीर आहे. विजेचा दाब कमी न करता चौथ्या तारेतून सेकंदाला सुमारे २५ हजार वेळा चालू-बंद असा इशारा जातो. चालूचा वाटा जास्त तर पंखा जोरात, कमी तर हळू.

ज्यांनी ऑईल इंजिन चालविले आहे त्यांना गव्हर्नर माहीत आहे. भार पडला की गव्हर्नर डिझेल वाढवितो, भार सुटला की कमी करतो. जेम्स वॅटने १७८८ मध्ये वाफेच्या इंजिनाला फिरत्या गोळ्यांचा गव्हर्नर लावला तेव्हापासून ही युक्ती चालत आली आहे. कृषी महाविद्यालयात आम्हांला इंजिन खोलून जोडावे लागे, आणि गव्हर्नर ढिला राहिला की इंजिन भर्रऽऽ करून उठे, पुन्हा खाली बसे, पुन्हा उठे. मोहोळच्या त्या वस्तीवर तोच आवाज मी ऐकला होता, आणि तरी ओळखला नाही!

म्हणजे पंख्याचा वेग बदलणे हा मुळात दोष नाहीच. काम वाढले की तो वाढावा, कमी झाले की उतरावा. काम नसताना तो सारखा वर-खाली होऊ लागला तरच घोटाळा आहे असे समजावे.

आधी दोन दिवस वही, मग पेचकस

मुलीला मी फोनवर एवढेच सांगितले, की दोन दिवस डबा उघडू नको. आवाज वाढला की वेळ लिही, काय काम चालू होते ते लिही, खोलीत गरमी किती ते लिही. तिने वहीत रकाने आखले. त्यावरून दिसले की सकाळी आठपर्यंत त्रास कमी, दुपारी जास्त. आणि नुसते इंटरनेटचे पान उघडले तरी एका क्षणात आवाज वाढतो, पान बंद केले की उतरतो.

तुम्हीही असेच करावे. त्यानंतर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबाव्यात. विंडोज असलेल्या कॉम्प्युटरवर टास्क मॅनेजर उघडतो. त्यात कोणता प्रोग्राम किती टक्के काम करतो आहे ते दिसते. तुम्ही हात जोडून बसला आहात आणि आकडा ऐंशी-नव्वद टक्के दाखवितो, तर आत काहीतरी चालले आहे. कधी विंडोजचे अपडेट असते, कधी व्हायरसची तपासणी, आणि कधी पेनड्राईव्हमधून आलेला व्हायरसच. आपल्याकडे एकच पेनड्राईव्ह सगळ्या गावात फिरतो, हे ध्यानात ठेवावे. अपडेट असेल तर ते पुरे होऊ द्यावे, पंखा आपोआप शांत होतो.

मुलीच्या यंत्रात आकडा चार-पाच टक्केच होता. म्हणजे काम नव्हते, तरी ताप होता. मग तापाचा आकडा पाहिला. कॉम्प्युटर सुरू होताना डिलीट किंवा एफ-२ ही कळ दाबत राहिले की बहुतेक यंत्रांत बायोस नावाचा पडदा येतो. त्यात चिपचा ताप आणि पंख्याचे फेरे लिहिलेले असतात. ताप दाखविणारे फुकट मिळणारे प्रोग्रामही आहेत. तिने तसा एक घातला. यंत्र रिकामे असताना ७० अंश, पान उघडताच दोन सेकंदांत ९२, आणि बंद करताच पुन्हा खाली.

इथे एक खूण सांगतो, तिचा उपयोग होईल. ताप हळूहळू, दहा-पंधरा मिनिटांत चढत गेला तर ठोकळ्यातून हवा जात नाही, म्हणजे धूळ बसली आहे किंवा डब्याला वारा मिळत नाही. ताप एकदम उडी मारून नव्वदच्या घरात गेला आणि तसाच एकदम उतरला, तर चिप आणि ठोकळा यांचा एकमेकांशी नीट स्पर्श नाही. उष्णता चिपमधून ठोकळ्यात उतरतच नाही, मग पंख्याने कितीही आटापिटा केला तरी काय उपयोग? आणखी एक गोष्ट. पंखा चिपला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पत्र्याच्या खोलीत ४२ अंश असतात. त्या वेळी रिकाम्या यंत्राने ५५ दाखविले तर घाबरू नये. १०० च्या जवळपास मात्र चिप स्वतःच कामाचा वेग कमी करते, आणि तरीही भागले नाही तर यंत्र बंद पाडते.

डबा उघडला तेव्हा

पुढच्या रविवारी मी गेलो. डबा जमिनीवर, कडब्याच्या गंजीकडे उघडणाऱ्या खिडकीखाली. त्यावर आजीने विणलेले कशिद्याचे आच्छादन, आणि ते यंत्र चालू असतानाही घातलेले. मोहोळ हा ज्वारीचा मुलूख. मालदांडी ३५-१ हे वाण मोहोळच्याच संशोधन केंद्रात निवडले गेले. ज्वारीच्या कणसाची आणि कडब्याची कूस किती बारीक असते ते मळणीला उभे राहिलेल्यांना सांगायला नको. ती कूस, काळ्या मातीची धूळ आणि चुलीचा धूर असे तिन्ही मिळून पंख्याखाली नमद्यासारखा थर बसला होता. पंखा फिरत होता पण हवा पात्यांत उतरत नव्हती. ठिबकच्या जाळीच्या गाळणीत शेवाळ साचले की पुढे दाब मिळत नाही, तसेच हे.

पण ताप उडी मारत होता, त्याचे कारण वेगळे निघाले. या जातीच्या हीटसिंकला प्लॅस्टिकचे चार पाय असतात. ते मदरबोर्डच्या भोकांत दाबून बसवितात. त्यातला एक पाय निसटून वर आला होता. ठोकळा एका बाजूने किंचित उचललेला. हप्त्याचा कॉम्प्युटर जीपमधून वस्तीवर येताना खड्ड्यांत निसटला असावा. खालची पेस्ट वाळून तिला भेगा पडल्या होत्या.

साफसफाई कशी केली ते क्रमाने सांगतो, कारण इथेच लोक नुकसान करून घेतात. यंत्र बंद करून मागची वायर काढली. वायर काढल्यावर चालू करण्याचे बटण पाच-दहा सेकंद दाबून धरले, म्हणजे आत उरलेली वीज उतरते. डबा अंगणात सावलीत नेला. आत हात घालण्यापूर्वी डब्याच्या उघड्या पत्र्याला हात लावला, कारण अंगातली स्थिर वीज नाजूक भागांना मारक असते. रंगाचा नवा कोरडा मऊ ब्रश घेऊन धूळ झाडली. झाडताना पंख्याचे पाते बोटाने धरून ठेवावे, वाऱ्याने त्याला गरगर फिरू देऊ नये. मुलीच्या धाकट्या भावाने पंक्चरच्या दुकानातून कॉम्प्रेसरची हवा मारून आणतो असा आग्रह धरला होता. ते करू नये. त्या हवेत पाण्याचे थेंब असतात आणि जोरही भलता असतो. तोंडानेही फुंकू नये, थुंकी उडते. ओले फडके तर नकोच. आणि एसएमपीएसची पत्र्याची पेटी कधीही उघडू नये. वायर काढल्यावरही तिच्या पोटात जिवाला धोका होईल इतकी वीज काही वेळ राहू शकते.

ठोकळा काढला, जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. हात धुण्याचे सॅनिटायझर २०२० पासून घरोघर पडून आहे, ते वापरावे असे मुलीला वाटत होते. पण त्यात ग्लिसरीन वगैरे असते, ते मागे राहते. नवी पेस्ट ज्वारीच्या टपोऱ्या दाण्याएवढी मधोमध ठेवली. जास्त लावल्याने फायदा नाही. मग ठोकळ्याचे पाय समोरासमोरचे एकेक दाबले. चारही वेळा खट् असा आवाज आला पाहिजे. तीनदाच आला तर पुन्हा काढून बसवावे. काही चिपांवर ठोकळा पेस्टने इतका चिकटतो की ओढल्यास चिपच उपटून येते. तो आधी यंत्र थोडे चालवून गरम करावा, बंद करून वायर काढावी आणि हलकेच डावी-उजवीकडे फिरवून सोडवावा. ज्यांचा हात बसलेला नाही त्यांनी धूळ झाडण्यावर थांबावे आणि हे काम जाणत्याकडून, समोर उभे राहून करून घ्यावे.

यंत्र सुरू केले. खोलीत ३६ अंश, रिकाम्या चिपचा ताप ४८, पान उघडल्यावर ६५. आजी दारात उभ्या होत्या. म्हणाल्या, "उतरलं की वो आंगातलं!"

चार दिवसांनी पुन्हा फोन. पुन्हा घोंगावते. मी धसकलोच. मग विचारले, "आच्छादन?" धुऊन पुन्हा घातले होते, चालू यंत्रावर. ते आता यंत्र बंद केल्यावरच घालतात. डबाही जमिनीवरून वीतभर उंच फळीवर ठेवला, मागे भिंतीपासून हातभर अंतर सोडले, आणि खिडकी बदलली. शेळ्या दावणीला आहेत. थोरली त्यानंतर व्याली.

एवढे करूनही राहिले तर

काही यंत्रांत सारे स्वच्छ असूनही पंखा थोडा वर-खाली होतोच. नव्या चिपा काम आले की क्षणभर जोर लावतात, त्यामुळे त्यांचा ताप एका सेकंदात दहा-पंधरा अंशांनी उडतो, आणि पंखा त्या प्रत्येक उडीमागे धावतो. बायोसमध्ये पंख्याची सेटिंग असते. वेग वाढविण्यापूर्वी काही सेकंद थांबण्याची सोय बऱ्याच बोर्डांवर असते, ती वापरावी. किंवा खालचा वेग थोडा वाढवून ठेवावा, म्हणजे मंद पण एकसारखा आवाज राहतो. टाकीच्या फ्लोटला वरची आणि खालची खूण अगदी जवळ ठेवली तर मोटार सारखी चालू-बंद होते, म्हणून आपण मध्ये अंतर ठेवतो. हेही तसेच आहे. सेटिंग बदलण्याआधी जुन्या पडद्याचा मोबाईलवर फोटो काढून ठेवावा.

पंखाच म्हातारा झाला असेल तर आवाज खरखरीत येतो. यंत्र बंद करून, वायर काढून बोटाने फिरवून बघावा. मोकळा फिरून हळूच थांबला तर ठीक. अडखळला किंवा लटपटला तर बेअरिंग गेले. शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब काही दिवस निभावून नेतो. खोबरेल घालू नये, ते थंडीत थिजते. खरा उपाय नवा पंखाच, आणि तो काही शे रुपयांत येतो. आणताना जुना बरोबर न्यावा, त्याचे माप आणि तारांची संख्या जुळली पाहिजे. तो मदरबोर्डवर सीपीयू फॅन असे लिहिलेल्या खुंटीवरच लावावा. दुसऱ्या खुंटीवर लावला तर बोर्डाला वाटते पंखा बंद आहे, आणि तो सुरू होतानाच तक्रार करतो. तारा उंदराने कुरतडल्या नाहीत ना, हेही बघावे. उसाच्या शेजारच्या वस्तीवर हे मी दोनदा पाहिले आहे.

जळका वास आला, किंवा बोर्डावरच्या लहान डब्यांची डोकी फुगलेली दिसली, तर पुढे हात घालू नये. दुरुस्तीवाल्याकडे न्यावे, पण वही घेऊन. कोणत्या वेळी, कोणत्या कामाला, किती ताप, हे लिहून समोर ठेवले की झाकण न काढता "नवीन घ्या" म्हणणे त्यालाही जड जाते. बदललेला भाग परत मागून घ्यावा.

उष्णतेचा हा प्रश्न आपल्या ओसरीवरच आहे असे नव्हे. पुण्याच्या सी-डॅक या संस्थेने १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार केला. त्याच मालिकेतला 'परम ब्रह्म' २०१९ मध्ये पुण्यातल्या आयसर संस्थेत बसविला, तर तिथे नुसत्या पंख्यांनी भागेना. चिपांवरून नळ्यांतून द्रव खेळवून त्यांची उष्णता काढतात. आपल्याला तेवढे नको. ज्वारीची मळणी आणि कडबा रचणे उरकले की एकदा, आणि दिवाळीच्या झाडलोटीत एकदा, असे वर्षातून दोनदा ब्रश फिरविला तरी पुष्कळ. पेस्ट मात्र दरवर्षी बदलायची गरज नसते. ताप पुन्हा उडी मारू लागला तरच ठोकळा काढावा.

लॅपटॉप वापरणाऱ्या मुलांसाठी थोडे. तो वाकळेवर, गादीवर किंवा मांडीवरच्या उशीवर ठेवून अभ्यास करू नये. बऱ्याच लॅपटॉपांची हवा घेण्याची भोके खाली असतात, ती बुजतात आणि पंखा लगेच ओरडू लागतो. लाकडी पाटावर ठेवावा. भोकांवरून कोरडा ब्रश फिरवावा. लॅपटॉप घरी उघडू नये. त्याच्या बॅटरीला पेचकस लागला तर आग लागू शकते.